सर्वानुमते, शाळा क्रमांक चार

कोळीवाडा,
१८ जून २०२५

प्रिय प्राप्ती,

आशीर्वाद. फोनवर काही सांगायला गेलं की तू "ताई, ठेवते गं, साहेब आले" म्हणतेस. कागदावर साहेब येत नाहीत, म्हणून लिहिते. आता गुपचूप शेवटपर्यंत वाच.

सोमवारी शाळा उघडायची होती. आरोहीला घेऊन गेले तर दाराला कुलूप! आपल्या शाळा क्रमांक चारला, जिथे तू नि मी एका बाकावर शिकलो तिथे. दारावर कागद चिकटवलेला. शाळा हायवेपलीकडच्या नगरपरिषद आदर्श शाळेत 'समायोजित' केली आहे, विद्यार्थ्यांनी तिकडे हजर व्हावं. खाली काय लिहिलंय माहीत आहे? 'शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्वानुमते झालेल्या ठरावानुसार.' आणि अध्यक्षा म्हणून माझं नाव, अख्खं, नवऱ्याच्या नावासकट. कल्पिता भावेश नाखवा.

मी कधी ठराव केला गो? तीन वर्षं अध्यक्षा आहे, हेडसर वही आणतात, मी सही करते. पण शाळा बंद करा असं मी स्वप्नातसुद्धा म्हटलेलं नाही.

तिथे पंधरा-वीस आया उभ्या होत्या. एकीने कागद मोठ्याने वाचला. मग सोनूबाई पुढे आली. तुला माहीत आहे, वाडीतल्या बायकांत तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कल्पे, तू ईकलीस व्हय आमची शाळा?"

त्या दिवसापासून बाजारात माझ्या टोपलीशेजारी कुणी बसत नाही. आजवर एकमेकींच्या टोपल्या राखायचो आम्ही. काल लघवीला जायचं तर माझे सोडे नि जवळा बघायला एक बाई तयार नव्हती. भावेशला धक्क्यावर विचारलं, बायकोने किती घेतले. होड्या बंद, पुरुष सगळे रिकामे बसलेले, त्यांना बोलायला विषय मिळाला.

तू एप्रिलपर्यंत नगरपालिकेत शिक्षण विभागातच होतीस. सतरा एप्रिलला शाळेत पालकांची सभा झाली, तेव्हा साहेबांच्या मागे फाईल धरून तू उभी होतीस. तूच सांग मला, हा ठराव झाला कधी?

तुझी,
कल्पिताताई


तळा,
२४ जून २०२५

ती. ताईस सा. न.

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. पण रागावू नकोस, थोडं शांतपणे घे.

ताई, शाळा चार म्हणजे आपलं बालपण, मान्य. पण आता तिथे आहे काय? दोन खोल्या, चार इयत्ता, एकच शिक्षक म्हणजे हेडसर, आणि तेही निम्मं वर्ष कसल्या ना कसल्या सर्वेक्षणाला. नव्या शाळेत आठ खोल्या आहेत, सहा शिक्षक आहेत, संगणक आहेत, सेमी-इंग्रजी आहे. मुलींच्या संडासात पाणी आहे. आपण शिकलो तेव्हा दिवसभर लघवी दाबून बसायचो, आठवतं ना? सुधारणा करायची तर काहीतरी हलवावं लागतंच. वाडीतल्या पोरांनी जन्मभर जाळीच शिवायची का?

ठरावाचं म्हणशील तर तो त्याच सभेत झाला. इतिवृत्तात स्पष्ट आहे की 'उपस्थित सर्व पालकांनी आपल्या पाल्यांच्या उज्ज्वल भवितव्याचा साकल्याने विचार करून एकमुखाने संमती दर्शविली.' खाली एकतीस सह्या आहेत, पहिली तुझी. साहेबांनी दोनदा विचारलं, कुणाची काही हरकत आहे का म्हणून. मी तिथेच होते. एक बाई तरी तोंड उघडून बोलली का? तेव्हा गप्प बसायचं आणि जूनमध्ये बोंब मारायची, याला ऑफिसात कोण विचारतं?

आरोहीला एकदा ती शाळा दाखव तरी. तिला आवडेल. वाडीतले लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील.

मी इथे बरी आहे. करार अकरा महिन्यांचा मिळालाय. मामींना नमस्कार सांग.

तुझी,
प्राप्ती


कोळीवाडा,
२ जुलै २०२५

प्राप्ती,

या वेळी 'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

कुणी बोललं का म्हणून तू विचारतेस? तू? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाहेरचा आहे बिचारा. तुझी नाळ याच वाडीत पुरलीय गो! तळ्याला जाऊन विसरली असशील तर सांगते.

आपल्या वाडीची बैठक बसते तेव्हा मधे सुपाऱ्यांची थाळी ठेवतात. पाहुण्याच्या तोंडावर 'न्हाय' म्हणायचं नाही, त्याचा अपमान होतो. सगळं ऐकून घ्यायचं. पटलं तर उठताना थाळीतली एक सुपारी उचलायची. नाही पटलं तर मोकळ्या हाताने जायचं. बाबाजी पाटलाच्या मुलीचं लग्न असंच मोडलं ना? सासरच्यांचं बोलणं आपल्या लोकांनी दोन तास ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि एकाने सुपारी उचलली नाही. पाहुण्यांना कळलं, ते निघून गेले. भांडण नाही, तंटा नाही.

त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर थाळी मीच ठेवली होती. बत्तीस सुपाऱ्या मोजून, साहेबांची धरून. साहेबांनी तासभर भाषण केलं. हायवेपलीकडे न्यायचं म्हणाले तेव्हाच बायकांनी पदर आवरले. नंतर हेडसरांनी हजेरीची वही फिरवली, आम्ही हजर होतो म्हणून सह्या केल्या. आणि एकतीस बाया उठल्या नि एकीनेही सुपारीला हात लावला नाही. एकीनेही! सोनूबाई जाताना थाळीकडे बघून हसली होती. आम्ही घरी गेलो त्या निवांत, की नाही म्हणून सांगून झालं. साहेबांनी काय केलं? खाऊ समजून एक सुपारी तोंडात टाकली.

बरं, साहेब परके. त्यांना नाही कळलं. तू थाळी बघितलीस ना? भरलेली थाळी बघून तुला काही कळलं नाही, असं माझ्या डोळ्यात बघून सांगशील?

आणि तुझी ती आठ खोल्यांची शाळा. साडेतीन किलोमीटर आहे, मी चालून आले. मधे हायवे, बंदरावरचे ट्रेलर एकामागून एक, ना पूल, ना पोलीस, ना बस. पोरी सकाळी भिजत जातात. वाडीतली सेहेचाळीस पोरं. त्यातली जेमतेम तीस जातात. पाच पोरींनी शाळा सोडलीच. हेतल, चौथीतली, आरोहीची मैत्रीण, तिच्या आईने तिला कोळंबी सोलायला शेडमध्ये नेऊन बसवलंय. म्हणते, ट्रेलरखाली जाण्यापेक्षा बरं. तिला मी काय तोंडाने बोलू? माझीच सही दाखवते ती मला.

मी त्या वहीची प्रत मागायला अर्ज दिलाय. कारकुनाने विचारलं, तुम्ही कोण? अध्यक्षा मी, सही माझी, आणि माझीच वही बघायला मी आधार कार्ड दाखवायचं! लाज कशी वाटत नाही या लोकांना?

कल्पिता


तळा,
९ जुलै २०२५

ताई,

घाईत लिहिते. प्रत दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असा नियम आहे, तो मुद्दा घाल. समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालकच असतात, त्यांची पुन्हा सभा मागता येते. सीओ साहेबांकडे, म्हणजे नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे, सुनावणी माग. हे मी सांगितलं असं मात्र कुठे बोलू नकोस, कृपा कर.

थाळीबद्दल भेटल्यावर बोलू.

एक विचारू? आरोहीचं वाचन कसं आहे? खरं सांग.

प्राप्ती


कोळीवाडा,
२२ जुलै २०२५

प्राप्ती,

आरोही वर्गात पहिली येते. तिची काळजी तू करू नकोस.

प्रत मिळाली. चार खेपा झाल्या. हजेरीच्या सह्यांच्या वर जी जागा कोरी होती तिथे टाइप केलेला कागद चिकटवलाय. मी दिव्याखाली धरून दोनदा वाचला. 'पाल्यांच्या उज्ज्वल भवितव्याचा साकल्याने विचार करून एकमुखाने.' मला वाटलं, हे आपण कुठेतरी वाचलंय. मग तुझं जूनचं पत्र काढलं. शब्द न् शब्द तोच! मेमध्ये तू तळ्याला गेलीस, वही इथे कपाटात. मला चार खेपा घालून जे बघायला मिळालं ते तुला तोंडपाठ कसं?

आणि कागदाच्या तळाला बारीक अक्षरात तारीख छापलीय, मशीनने आपोआप टाकलेली. नऊ एप्रिल. सभा सतरा एप्रिलला झाली, गो बाय. आम्ही यायच्या आधी आठ दिवस आमचं एकमुख तयार होतं!

मला या नगरपालिकेचा राग येतो, पण तो रोजचाच. त्यांचा नळ नाही, त्यांचा दिवा नाही, त्यांच्याकडून मी काय धरून बसले होते? तू मात्र आमच्यातली. तुला नोकरी लागली तेव्हा वाडीने पेढे वाटले, आपलं एक माणूस आत बसलं म्हणून. आपलं माणूस आत बसून हेच करणार असेल तर बाहेरचे काय वाईट होते?

एकच विचारते आणि उत्तर कागदावर हवं. तो कागद कुणी टाइप केला?

कल्पिता


तळा,
१२ ऑगस्ट २०२५

ताई,

तीन आठवडे लागले. दोन पत्रं लिहून फाडली. हे पाठवते.

मी टाइप केला. नऊ एप्रिलला दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. साहेबांनी जुना नमुना दिला, म्हणाले शाळेचं नाव बदल आणि काढ. 'साकल्याने' हा शब्द माझा. नमुन्यात नुसतं 'विचार करून' होतं, मला ते उघडं वाटलं. इतकी मी त्यात रमले होते.

आणि थाळी मी बघितली. सगळ्या गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, "या बायका काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे मान्य आहे ना?" त्या क्षणी मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी "हो सर" म्हटलं.

त्याच आठवड्यात माझा करार संपत होता. हे कारण आहे, पण सगळं नाही. खरं सांगायचं तर मला शाळा चार बंद व्हायलाच हवी होती. मार्चमध्ये वाचन चाचणीचे आकडे मीच भरले. आपल्या वाडीच्या सेहेचाळीस मुलांपैकी एकोणतीस जणांना दुसरीचा परिच्छेद वाचता येत नाही. त्या एकोणतीसांत आरोहीचं नाव आहे. तू मला ती पहिली येते म्हणून लिहिलंस. मी तुला खोटं पाडायला हे सांगत नाही. मला वाटलं, वाडीला विचारत बसलं तर हे कधीच बदलणार नाही, त्यापेक्षा न विचारता मुलांना तिकडे नेलेलं बरं. हायवे मी नकाशात बघितला होता. चालून बघितला नाही. हेतल मला कुठल्या आकड्यात दिसली नाही.

सोबत वेगळा कागद आहे, सीओ साहेबांच्या नावे. त्यात माझं पूर्ण नाव, तेव्हाचं पद, आणि ठराव सभेआधी आठ दिवस, वरून दिलेल्या नमुन्यावर मी टाइप केला असं लिहिलंय. पालकांनी सभेत संमती दिली नव्हती आणि ते मला तिथल्या तिथे कळलं होतं, हेही. खाली सही आहे. सुनावणीत दे. मला विचारायला थांबू नकोस.

प्राप्ती


कोळीवाडा,
१४ सप्टेंबर २०२५

प्राप्ती,

तुझा कागद सुनावणीत दिला. तुझं काम गेलं हे भावेशला धक्क्यावर कळलं. मी तुझे आभार मानणार नाही. 'हो सर' म्हणायला तुला एक क्षण लागला आणि ते पुसायला आम्हाला तीन महिने. पण तुला जे कळवायचं ते मी पूर्ण कळवणार आहे, कारण तू शेवटी पूर्ण सांगितलंस.

सीओ साहेबांनी तो वाचला, ठरावाच्या तळाची तारीख बघितली आणि हेडसरांकडे बघत राहिले. ठराव रद्द केला. म्हणाले, नव्याने सभा घ्या. मी म्हटलं, घेऊ, पण तुमच्या साडेअकराला नाही. तेव्हा आम्ही बाजारात असतो. वाडीत घ्या, संध्याकाळी, आमचं विकून झाल्यावर. ते जरा गोंधळले, मग हो म्हणाले.

गुरुवारी आले. शाळेच्या पडवीत बसले. बायका नि पुरुष मिळून सत्तरेक माणूस. मी सुरुवातीलाच सांगितलं, आज थाळी नाही, आज ज्याला जे वाटतं ते तोंडाने बोला. सोनूबाई पहिली उठली. म्हणाली, "साहेब, पलीकडं न्हाय. आमची पोरं रस्त्यावर मरायला न्हाय काढलेली." मग एकेक बाई उठली. साहेब लिहून घेत होते, टाइप केलेलं काही नव्हतं. शाळा चार इथेच राहणार, उद्या सोमवारी कुलूप काढणार. पाचांतल्या तीन पोरी येतो म्हणाल्यात.

मला वाटलं, झालं, जिंकलो. मनातून फुगलेही होते मी. माझ्या टोपलीशेजारी त्या सकाळी दोघी येऊन बसल्या होत्या.

मग साहेबांनी आणखी एक कागद काढला. म्हणाले, "तुमचे हक्क तुम्ही सांगितलेत. आता शाळेकडून तुमच्या अपेक्षा काय, तेही सांगा." आणि तिथेच आम्ही अडलो. तीन महिने आम्ही घसा फोडून ओरडत होतो की काय नको. काय हवं ते कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही आमच्या मनाला विचारलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पत्रे गळतात. कुणी म्हणालं, पाण्याची टाकी. तेवढ्यात हेतलची आई मागून बोलली. ती आलीय हे मला माहीतच नव्हतं. म्हणाली, "पोर तीन वर्सं शाळंत गेली, तिला बसची पाटी वाचता येत न्हाय. शेडमधी निदान सोलायला तरी शिकली. कशाला धाडू परत?"

सोनूबाईने खाली मान घातली. हेडसर काहीतरी फाईल चाळू लागले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी अध्यक्षा ना!

प्राप्ती, तुझ्या त्या एकोणतीसांत आरोही आहे हे मला माहीत होतं. तू लिहायच्या आधीपासून. तीन वर्षं दर महिन्याला वहीत लिहिलेलं असायचं, 'विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक.' मी सही करायची. घरी आरोही पुस्तक उघडून पाठ केलेलं म्हणून दाखवायची, बोट भलत्याच ओळीवर. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. एकच शिक्षक, त्यालाही सारखं बाहेर पाठवतात, तो काय करणार, असं म्हणून गप्प बसले. आणि शाळेवर कुणी बोलू नये म्हणून तुलाही खोटं लिहिलं. तुझ्या एका खोट्या कागदावर मी तीन महिने आग ओकत राहिले. माझे छत्तीस आहेत.

मी उभी राहिले आणि हे सगळं बोलले. सत्तर माणसांत. "माझी मुलगी चौथीत आहे, तिला वाचता येत नाही, आणि समाधानकारक म्हणून सही माझी आहे." भावेश भिंतीला टेकून उभा होता, त्याने तोंड फिरवलं. त्याला घरात हे ठाऊक नव्हतं. मग मी साहेबांना म्हटलं, लिहा. दुसरा शिक्षक पंधरा दिवसांत, आणि दोघांनाही बाहेरच्या कामाला न्यायचं नाही. दर महिन्याला पोरांचं वाचन आमच्यासमोर घ्यायचं, वहीत नाही. ज्याला येत नाही त्याचं नाव लिहायचं, पहिलं नाव आरोहीचं. मी आता कोऱ्या जागेवर सही करणार नाही आणि भरलेल्यावरही वाचल्याशिवाय नाही.

साहेब म्हणाले, प्रयत्न करू. मी म्हटलं, प्रयत्न आम्ही तीन महिने केले, तुम्ही तारीख लिहा. त्यांनी लिहिली. बघू.

हेतलच्या आईने मात्र अजून हो म्हटलेलं नाही. रोज शेडवर जाते मी, ती बोलते, चहा देते, पोरीला पाठवत नाही. बरोबरच आहे तिचं. कुठल्या तोंडाने तिने माझ्यावर विश्वास ठेवायचा?

तुला आता काम नाही. इथे ये. मुलांना शिकवायला बोलावते असं समजू नकोस, वाडीत अजून तुझं नाव घेतलं की बायका थुंकतात, मीही त्यांना आवरत नाही. पण आरोहीला मला शिकवता येत नाही, मी चिडते, ती रडते, आणि तुला तिचं कुठे अडतं ते कळतं. घरात बसून शिकव. बोलणी खावी लागतील, ती खा.

पाकीट बंद करण्याआधी हे पत्र आरोहीकडून मोठ्याने वाचून घ्यावं असं मनात होतं. दिलं तिच्या हातात. 'प्राप्ती' एवढं वाचलं तिने, जोडाक्षर फोडून फोडून, आणि मग माझ्याकडे बघत बसली.

कल्पिताताई